कर

"आपला कराचा रुपया तिकडं उत्तरेत जातो, चार आणे बी वापस येत नाय. आन् आता पोरगी बी तिकडंच देता व्हय, केशवराव?"

कन्नड तालुक्यातून आलेल्या तात्यासाहेबांनी कारखान्याच्या साखरेची पिशवी टेबलावर ठेवली.

उस्मानपुऱ्यातील त्या घरास हा वाद नवा नव्हता. केशवरावांची सारी नोकरी केंद्रीय कराच्या कार्यालयात गेली. तात्यासाहेब त्यांचे शाळेपासूनचे स्नेही. निवडणुका होत, इकडची वा तिकडची सरकारे बदलत, आणि ही तक्रार नव्याने उफाळे. केशवरावांचे उत्तर मात्र ठरलेले असे : "तुमच्या कन्नडचा रस्ता काय कन्नडच्या करातून झाला? मुंबईचाही वाटा आहे त्यात. कर म्हणजे हात, तात्यासाहेब. घेतो तोच देतो."

आज ते उत्तर आले नाही. त्यांच्या लेकीने, मृण्मयीने, आपला दरभंग्याचा सहकारी वर म्हणून निवडला होता. त्याचे आईवडील येण्याच्या बेतात होते. केशवरावांनी होकार दिला, तर आजच साखरपुडा व्हायचा होता.

"बाबा, काकांना नेहमीचं उत्तर द्या ना," मृण्मयी म्हणाली.

"बाळ, तेव्हा मी नुसता पोचवणारा होतो गं. देणारा नव्हतो."

मृण्मयीने मान खाली घातली. इतक्यात तिच्या आई दमयंतीबाई दारातून म्हणाल्या, "अहो, रिक्षा कोपऱ्यावर आलीय. काय सांगायचं त्यांना?"

केशवरावांनी टेबलावरची साखरेची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाले, "पुडी बांधायला कागद द्या."

"आवो, साखर नवरदेवाकडची लागती!" तात्यासाहेब म्हणाले.

"त्यांच्यात ही रीत नाही. आपणच त्यांच्या हाती देऊ."

"म्हंजे साखर बी आधी तिकडंच?"

"व्हय," केशवराव म्हणाले, आणि स्वतःच्या हातांनी पुडी बांधू लागले.

पाहुणे आले, बोलणे झाले. केशवरावांनी वरमाईंच्या हाती पुडी दिली. त्यांनी ती भक्तिभावाने कपाळी लावली आणि आपल्या पिशवीत ठेवून दिली.

"गेली!" तात्यासाहेब पुटपुटले. मग त्यांनाच राहवेना. "भाभी, वो रखने की नाय हाय. पोरी के हात में देने की हाय."

वरमाई लाजून हसल्या. त्यांनी पुडी काढून मृण्मयीच्या ओंजळीत ठेवली आणि ती ओंजळ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

केशवराव बाजूस उभे होते. पुडी बांधताना साखरेचे काही कण त्यांच्या तळव्यास चिकटले होते. ते त्यांनी झटकले नाहीत.