फळीवरचा जुना गालिचा

मी एक जुना गालिचा आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कधी कोणी पाय पसरून बसले नाही. होडी पाण्यापर्यंत नेणाऱ्या ट्रेलरच्या लाकडी फळीवर मला खिळे ठोकून बसवले. होडीचा भार याच फळीवर टेकतो; तिच्या तळाला ओरखडा उठू नये, एवढेच माझे काम.

अकरा वर्षे मी ते केले. ट्रेलर उतारावरून पाण्यात शिरे आणि मी चिंब होई. परत आल्यावर उन्हात वाळे, माझ्याखालची फळीही वाळे. म्हातारा मालक, ज्याने ती होडी स्वतः बांधली, मला थोपटून म्हणायचा, की हा माझा खरा गडी. मला फार बरे वाटायचे. आता कळते, तो लळाच नडला.

झिजून झिजून माझ्यातून खिळ्यांची डोकी दिसू लागली, तेव्हा त्याने नवा गालिचा आणला. त्याची मुलगी पक्कड घेऊन माझ्याजवळ बसली.

"बाबा, आधी जुना काढूया ना?"

"राहू दे गं. इतकी वर्षं राबलाय तो, मला नाही काढवत. आणि दोन थर झाले तर होडीला गादीच मिळेल."

वडिलांचे मन मोडणे तिच्या जिवावर आले. तिने पक्कड खाली ठेवली. नवा गालिचा माझ्यावरून फळीभोवती घट्ट गुंडाळून ठोकला गेला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

तेव्हापासून मी वाळलेलोच नाही. पाणी माझ्यात मुरते आणि तिथेच राहते. नवा वरून ठणठणीत दिसतो, त्याचे कौतुकही होते. माझ्या पोटाखालची फळी मात्र कुजली आहे, भिजलेल्या पावासारखी लागते. हे मला एकट्याला ठाऊक आहे आणि त्या दोघांना सांगायची सोय नाही. असले म्हातारपण वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

दर आठवड्याला ती मुलगी ट्रेलरवरच्या होडीखाली उताणी शिरते आणि तळाचे शेवाळ खरवडते. आजही शिरली. फळी करकरली. माझ्यातून गंजक्या पाण्याचा एक थेंब तिच्या गालावर पडला. तिने तो बाहीने पुसला.

"चिखल आहे वाटतं," असे म्हणून ती आणखी आत सरकली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारखे सगळेच सांगतात. मी उलटे सांगतो. मला ओरबाडून काढा, फेकून द्या, आणि खालची फळी एकदा डोळ्यांनी बघा. पण ते नंतर. आधी कोणीतरी तिला हाक मारा. ती अजून खालीच आहे.