शेवट परिणामकारक हवा

सोमवारी सकाळी उदयसिंह लेकीचा बायोडाटा टाइप करून घेत होते. उंची, रास, नाडी झाल्यावर ‘इतर गुण’ या रकान्यात त्यांनी अभिमानानं सांगितलं, अध्यक्ष, बालविवाह प्रतिबंध मंडळ, इयत्ता दहावी. टाइप करणाऱ्यानं ती ओळ ठळक केली.

संयोगिता पंधरा वर्षांची होती. हुपरीजवळच्या त्यांच्या गावातल्या हायस्कुलात सात मंडळं होती. हरित सेनेकडे एक झाड होतं. विज्ञान मंडळाकडे सांगाडा होता, त्याला डोकं नव्हतं. चालू असलेलं मंडळ एकच, संयोगिताचं. त्यांचं पथनाट्य जिल्ह्यात पहिलं आलं होतं. त्यात ती बालवधू व्हायची, शिकायचंय म्हणून रडायची, आणि शेवटी मुलांबरोबर अख्खं गाव ओरडायचं, ‘एक शून्य नऊ आठ!’ मदतीचा हा नंबर गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होता.

संवाद पाठ करून घ्यायची तिची आई, वर्षाराणी. हुपरीहून मजुरीवर आलेल्या चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडता जोडता ती ऐकायची आणि एक शब्द जरी चुकला तरी हातातला चिमटा उचलायची.

स्थळ कागलकडचं होतं. विश्वजित, वय सत्तावीस, स्वतःचा ट्रॅक्टर. बायोडाटा वाचून पोरीत नेतृत्व आहे असं मुलाकडच्यांचं मत पडलं. लग्न दहावीच्या परीक्षेनंतर ठरलं, म्हणजे उदयसिंहांच्या हिशेबानं शिक्षणही बुडत नव्हतं. वर्षाराणीनं एकदा विषय काढला. त्यांनी ताट सारलं. मग तिनं पुन्हा काढला नाही. पोरगी रात्री उशीत तोंड घालून रडायची, तेव्हा ती नुसती जागी असायची.

संयोगितानं शेवटी मंडळाच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. पेटीची किल्ली अध्यक्षाकडे, म्हणजे तिच्याकडेच. पण पेटी मुख्याध्यापकांसमोरच उघडायची असा नियम होता. तिनं शनिवारी पार्श्वनाथ सरांसमोर कुलूप काढलं, आपलीच चिठ्ठी बाहेर काढली आणि त्यांच्या हातात दिली. सरांनी ती दोनदा वाचली, लाल पेन काढलं आणि खाली शेरा मारला, ‘संहिता उत्तम. शेवट परिणामकारक हवा.’

“सर, हे खरं हाय.”

“तेच तर म्हणतोय. अगदी खरं वाटतंय.”

रविवारी सुपारी फोडायची होती. घराच्या पुढच्या सोप्यात पाहुणे बसले. पहिल्या खुर्चीवर पार्श्वनाथ सर, त्यांच्यासमोर घरातला एकुलता एक पंखा. संयोगिताला चालवून झालं, नाव विचारून झालं. मग नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, “आता ते बक्षिसाचं नाटक दाखव की.”

संयोगिता सोप्याच्या मधोमध उभी राहिली. साडीच्या निऱ्या तिला सावरता येत नव्हत्या.

“पावणं, मी पंधरा वर्षांची हाय. आज माझी सुपारी हाय. बापाला सांगितलं, सरांना लिहून दिलं. आता कुणाला सांगू, तेवढं सांगा. मला हे लग्न करायचं न्हाय.”

सोप्यात टाळ्या पडल्या. आत्यानं डोळे पुसले. विश्वजितनं सगळं मोबाइलवर घेतलं. सर शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, “बघा, जमला शेवट.”

संयोगिता तिथंच उभी होती. अजून मोठ्यानं बोलली तर अजून मोठ्यानं टाळ्या पडतील, हे तिला कळलं होतं.

वर्षाराणी पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. तिनं ट्रे जमिनीवर ठेवला.

“सर, हे नाटकात न्हाय.”

“आत जा,” उदयसिंह म्हणाले.

“मला सगळं नाटक पाठ हाय. यातलं एक वाक्य त्यात न्हाय. माझी पोरगी बोलाय लागलीया.”

कुणीतरी हसलं, मग थांबलं. उदयसिंह उठले. वर्षाराणी त्यांच्या बाजूनं पुढे गेली आणि तिनं विश्वजितच्या हातातला मोबाइल काढून घेतला. चित्रीकरण अजून चालूच होतं. नंबर लावताना तिच्या बोटांना चांदीची धूळ होती, ती काचेवर उमटली.

पलीकडे रिंग वाजू लागली. सोप्यातल्या प्रत्येकाला तो नंबर पाठ होता. कुणी लावलेला आज पहिल्यांदाच पाहत होते.