पोटावरची अक्षरं

मी एक लोखंडी टाकी आहे, पाण्याची. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये रस्त्याकडेला उभी असते. बोलायची सवय नाही मला, पण आता राहवत नाही.

इथे उल्हासनगर नव्हतं तेव्हा इंग्रजांची लष्करी छावणी होती. त्यांच्या साहेबाने आम्हा दोन टाक्यांना शेजारी शेजारी मांडलं. माझ्या पोटावर 'हिंदू पाणी' अशी लोखंडी अक्षरं बसवली, जोडीदारणीच्या पोटावर 'मुसलमान पाणी'. दोघींना पाणी यायचं एकाच पाइपातून! साहेबाची पाठ वळली की शिपाई जवळ असेल त्या टाकीचं प्यायचे.

साहेब गेला. अक्षरं काढायचं कुणाला सुचलं नाही.

मग फाळणी झाली. घरदार सोडून सिंधमधून आलेली माणसं छावणीच्या बराकींत राहू लागली. माझ्यापुढे ही लांब रांग, आणि शेजारची टाकी काठोकाठ भरलेली असून तिला कुणी हात लावेना. त्यांचा राग मला समजत होता. पण रांगेत लेकरं तहानेने रडायची, त्याचं काय? शेवटी ती गंजून भंगारात गेली. माझ्यावर मात्र वर्षानुवर्षं रंगाचे थर चढत गेले आणि अक्षरं त्यांत बुजून गेली. मला वाटलं, सुटले.

यंदा बाबासाहेबांच्या जयंतीला राजरत्नने पाणपोई सुरू करायची ठरवली. तो रंगारी आहे, कमी बोलतो. समोरच्या वेल्डर युनूसभाईने माझ्या गळक्या बुडाला पत्रा लावून दिला. राजरत्नने तारेच्या ब्रशने जुना रंग खरवडला आणि अक्षरं वर आली.

शेजारच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी देवदत्तकाका धावत आले. "अरे, हे पाणी आपलं हिंदूंचं असल्याचा हा तर पुरावा! इंग्रजांनी स्वतः लिहून ठेवलंय."

"काका, आपल्याला एकमेकांपासून वेगळं ठेवायलाच लिहिलं होतं त्यांनी," राजरत्न हळूच म्हणाला.

"तू अक्षरांना रंग दे रे. पिवळा दे, लांबून दिसला पाहिजे."

आणि त्याने दिला! ज्याच्या आजोबांना गावात पाणवठ्याला शिवू देत नव्हते, त्याने!

पाणपोई सुरू झाली त्या दुपारी युनूसभाई आला. ग्लास भरला, तोच कैलास पानवाला हसत म्हणाला, "युनूसभाई, वाचता येतं ना? वर बोर्ड आहे."

गंमत होती म्हणे. सगळे हसले. युनूसने ग्लास तसाच खाली ठेवला.

"प्यास नहीं है, भाई."

एप्रिलच्या उन्हात, वेल्डिंग सोडून आलेल्या माणसाला तहान नव्हती!

संध्याकाळी राजरत्न त्याच्याकडे गेला. "युनूसभाई, ग्राइंडर मारून ती अक्षरं घासून टाका ना."

"मैं मिटाऊँगा तो सारा कॅम्प मेरे दरवाजे पे आएगा. तू मिटा." त्याने ग्राइंडर राजरत्नच्या हातात दिला.

राजरत्न माझ्यापर्यंत आला. देवदत्तकाकांच्या खिडकीकडे पाहिलं. "उद्या," म्हणाला आणि ग्राइंडर माझ्यामागे ठेवून गेला.

त्या उद्याला आज बावीस दिवस झाले.

राजरत्न, साहेबावर किती वर्षं चिडू मी? तो केव्हाच गेला. आता हा पिवळा रंग तुझ्या हातचा आहे. माझा पत्रा झिजेल, झिजू दे. तो बघ, युनूस रिकामी बाटली घेऊन लांबच्या नळाला निघालाय. तो परत यायच्या आत ग्राइंडरची वायर लाव.