निन्योच्या बुटांवरचा चिखल

सहावीच्या वर्गात एकाएकी रडारड उठली आणि मी हातातलं भाताचं पातेलं तसंच टाकून धावले. वाटलं, कोणीतरी गेलं. आत बघते तर शाळेत आसऱ्याला आलेले सगळे टीव्हीपुढे गुडघे टेकून बसलेले. पडद्यावर लाल वाहिनीची बातमीदार पोरगी पोटऱ्यांपर्यंत गाळात उभी होती. तिच्या मागे आमच्या खालच्या वाडीतलं प्रार्थनाघर, आणि त्याच्या पायरीवर आमचा सांतो निन्यो. बाळ येशूची हातभर लाकडी मूर्ती. अंगावर कोरडा ठणठणीत लाल मखमली झगा, डोक्यावर मुकुट, आणि इवल्याशा बुटांना चिखल.

आदल्या दिवशीच्या वादळात ज्वालामुखीच्या उतारावरून राख-दगडांचा लोंढा खाली आला होता. अर्धी वाडी त्याने गिळली होती, पण त्या पायरीपासून चार हातांवर तो थांबला होता.

"रात्री चालत आला बाळ," ब्रदर कांदिडो म्हणाला. "पायाने अडवला त्याने चिखल."

आमच्याकडे निन्यो रात्री फिरायला जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याचे बूट झिजतात म्हणून दर जानेवारीत सणाला नवे घालतात. तेव्हा बुटांना चिखल दिसल्यावर बाकीचं कोणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. बायका पडद्याला हात लावून तो हात पोरांच्या कपाळाला लावत होत्या.

ब्रदर कांदिडो हा काही पाद्री नव्हे. हा गडी पंखे दुरुस्त करायचा. मग एकदा याला स्वप्न पडलं आणि हा खोबरेल तेलाच्या बाटल्यांवर मंत्र पुटपुटून विकायला लागला. वादळातून पळून शाळेत येताना लोक तांदूळ विसरले, औषधं विसरले. हा बाटल्यांचं खोकं विसरला नव्हता.

आम्ही होतो माझ्याच शाळेत, टेकाडावर. दोन्ही बाजूंना घळी आणि दोन्हींतून दगड घरंगळल्याचा आवाज सारखा चालू. पूर्वेचा रस्ता गाडला गेला होता. पश्चिमेला एक पूल शिल्लक होता, तोही हलत होता. वाडीचा मुखिया कापितान इलारियो याला सकाळीच निरोप आला होता: संध्याकाळी पुन्हा मोठा पाऊस आहे, दुपारी लष्कराचे ट्रक येतील, झाडून सगळ्यांनी निघायचं. सगळे तयारही होते. तेवढ्यात हा चमत्कार झाला.

"निन्योने रेघ मारलीय," ब्रदर सांगत सुटला. "त्या रेघेच्या अलीकडे चिखल येणार नाही. आता जो पळेल, त्याने निन्योला खोटं पाडलं. आणि निन्योला खोटं पाडणाऱ्याच्या घरचं काय होतं, ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही."

तो कधीच तोंडाने सांगत नसे. भीती ऐकणाऱ्याने आपापल्या मापाची भरून घ्यायची, ही त्याची रीत. मग त्याने साखळी सुरू केली. फाटकाशी माणसं हातात हात घालून ओळीने उभी, तोंडाने प्रार्थना. साखळी तुटेल तर आशीर्वाद तुटेल. म्हणजे बघा, पुढे घळ, मागे घळ, आणि एकुलत्या वाटेवर आपलीच माणसं.

आणि त्या साखळीत अगदी फाटकाच्या कडीपाशी कोण, तर माझा जावई रोदेल.

माझी मुलगी अमिहान व्हरांड्यात तान्ह्याला छातीशी धरून बसली होती. मी म्हटलं, ऊठ, आपण निघू. तिने मान हलवली. म्हणाली, "नानाय, आई, मला जायचंय गं. पण हा इथे राहिला तर मी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि पोराला तो नेऊ देणार नाही म्हणतो."

मी रोदेलकडे गेले. हात जोडले, रागावले, सगळं केलं. तो वाईट मुलगा नाही हो, आजही मी तेच म्हणेन. त्याचं घर गेलं होतं आणि कोणीतरी त्याला सांगत होतं की याच्यापुढे काही जाणार नाही. कोणाला नको असतं ते ऐकायला?

"नानाय, तुम्ही शाळा चालवा," तो म्हणाला. "माझ्या बायकोपोराचं मी बघतो."

आता टीव्हीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आमच्या वाडीत घरं दोन प्रकारची: लाल वाहिनीची आणि निळ्या वाहिनीची. माणूस चर्च बदलेल, वाहिनी बदलणार नाही. लालमधली मुलगी निळ्यात दिली की पहिलं भांडण रिमोटवरून. शाळेत आसरा घेतानासुद्धा लोकांनी हे सोडलं नाही. कापितानच्या जनरेटरवर दोन टीव्ही लागले: सहावीत लाल, चौथीत निळा. एका छपराखाली, एकाच संकटात, मध्ये एक भिंत. लालवाल्यांनी निळं पाहिलं नाही आणि निळ्यावाल्यांनी लाल पाहिलं नाही, तेही अगदी अभिमानाने.

चमत्काराची बोंब उठली तेव्हा मात्र निळेही धावत आले आणि साखळीत उभे राहिले. चौथीतला टीव्ही रिकाम्या वर्गाला बातम्या देत राहिला. मी तिथे गेले ती खरं सांगायचं तर रडायला. दार लोटून एका बाकावर बसले. डोळे पुसून वर बघते तर पडद्यावर आमचंच प्रार्थनाघर.

दोन्ही वाहिन्यांची तऱ्हा मला तिथे बसून कळली. लाल वाहिनी माणसाच्या तोंडाला कॅमेरा भिडवायची, मागे पियानो, आणि अश्रू ओघळेपर्यंत कॅमेरा हलायचा नाही. निळीकडे नकाशे, बाण, हेलिकॉप्टर आणि टाय लावलेला एक गृहस्थ. त्याने आमची वाडी सकाळीच मेली म्हणून जाहीर करून टाकली होती. मी मेलेली बाई बाकावर बसून ते ऐकत होते. लालला आमचे अश्रू हवे होते, निळीला आमची प्रेतं. शाळेत माणसं अडकली आहेत, त्यांना बाहेर काढा, हे दोघींनीही सांगितलं नव्हतं.

पण निळीने नकळत दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, उजाडताना तिच्या माणसाने काढलेलं चित्र: प्रार्थनाघराचं दार सताड उघडं, आत निन्योची काचेची पेटी, आणि पेटी रिकामी. "देवालाही पुराने सोडलं नाही," असं तो टायवाला गहिवरून म्हणाला. दुसरी, हेलिकॉप्टरमधून वरचा उतार. दर थोड्या वेळाने तीच चित्रं फिरून फिरून येत होती. मी तीनदा पाहिली आणि उठले.

कापितानला म्हटलं, हा टीव्ही उचल आणि सहावीत आण. तो कट्टर निळा. म्हणाला, लालच्या शेजारी? मी म्हटलं, तुझी पोरं माझ्या हाताखाली शिकलीत इलारियो, उचल. उचलला बिचाऱ्याने. वर्गात नेताच कालवा झाला. हे डबडं इथे कशाला, मॅमचं डोकं फिरलं, वगैरे. मी दोन्ही संच माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि वर्गात ओरडते तशी ओरडले. सवय असते माणसाला. सगळे गप्प बसले. फाटकावरची साखळीसुद्धा खिडकीपाशी वळली, हात न सोडता.

डावीकडे लालवर निन्यो पायरीवर उभा. उजवीकडे निळीवर पेटी रिकामी.

"पहाटे तो तिथे नव्हता," मी म्हटलं. "मग पायरीवर कोणी आणून ठेवला?"

ब्रदरने क्षणभर दोन्ही पडद्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "नव्हताच," तो म्हणाला. "फिरायला गेला होता ना बाळ. चिखल अडवायला. मॅम, देव तुमचं भलं करो, निळ्या वाहिनीनेही साक्ष दिली."

आणि काय सांगू, सगळ्या वर्गाने आनंदाने सुस्कारा टाकला. मी माझ्याच हाताने त्याला पुरावा आणून दिला होता. अमिहानने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिची ती मान मला बघवेना, म्हणून मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"त्या बातमीदार मुलीचे पाय बघा," मी म्हटलं. "कोणत्या रंगाचे?"

राखाडी. सिमेंटसारखे. डोंगराचा गाळ राखेचाच असतो.

"आता निन्योचे बूट बघा."

तांबडे होते. खाली राखेच्या समुद्रात तांबडा कणही नव्हता. तांबडी माती फक्त वर, शाळेच्या मागच्या कडेला, जिथे ब्रदर कांदिडोचं घर आणि त्याची अळूची खाचरं आहेत. दोघाचौघांच्या नजरा तिकडे वळल्या.

तेवढ्यात म्हातारी लोला बास्योन पुढे सरकली. निन्योला कपडे घालायचा मान तिच्या घराण्याचा. तिला कमी दिसतं, म्हणून तिने नाक काचेला लावलं.

"हा लाल झगा सणाचा आहे," ती म्हणाली. "वादळाआधी मी त्याला हिरवा घातला होता, रोजचा. माझा हिरवा झगा कुठे गेला?"

लाल झगा कुठे होता हे सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीच्या मिरवणुकीनंतर धुऊन देतो म्हणून ब्रदरने नेला होता आणि परत दिलाच नव्हता. टीव्हीवर येणार म्हटल्यावर गड्याला हिरवा सुती झगा फिका वाटला असणार. देवालाही नटवल्याशिवाय कॅमेऱ्यापुढे उभं करवत नाही आम्हाला.

"म्हणजे ब्रदर," मी म्हटलं, "निन्यो आधी तुझ्या अळूतून चालत तुझ्या घरी गेला. तुझी पेटी उघडून झगा बदलला. मुकुट नीट केला. आणि मग सावकाश चिखल अडवायला निघाला?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. ब्रदर लालबुंद झाला, पण मुरलेला माणूस, लगेच दुसऱ्या वाटेने आला.

"बरं, मी नेला होता," तो म्हणाला. "वाचवायला नेला. सकाळी मीच परत ठेवला आणि त्या मुलीला फोन केला. माझं चुकलं असेल. पण चिखल तर थांबला ना? तो काय मी थांबवला?"

हसू विरलं. माणसं पुन्हा विचारात पडली, कारण चिखल खरोखरच थांबला होता. आणि कोणीतरी साखळीतला हात पुन्हा घट्ट धरला.

तेव्हा निळीवर हेलिकॉप्टरचं चित्र परत आलं. रोदेल खिडकीत उभा होता. जन्मभर लालच बघितलेला माणूस. हे चित्र त्याने पहिल्यांदाच पाहिलं. त्याने मान पुढे काढली.

"ही आपली भिंत का?" त्याने विचारलं.

प्रार्थनाघराच्या वर, घळीच्या तोंडाशी, गाळ अडवायला सरकारने बांधलेली भिंत आहे. तिचं सिमेंट कालवायला रोदेल कामावर होता. हेलिकॉप्टरमधून ती नुसती एक पांढरी रेघ दिसत होती, आणि रेघेच्या वरच्या अंगाला काठोकाठ राखाडी गाळ. दुधाचं पातेलं उतू जायच्या बेतात असावं तसा.

"भरली," रोदेल म्हणाला. त्याचा आवाजच बदलला होता. "आत दोन मजली घर मावेल एवढी जागा होती. सगळी भरली. चिखल निन्योपाशी नाही थांबला, नानाय. वर अडला. आता वर जागा नाही."

त्याने आपला हात सोडवून घेतला, व्हरांड्यात आला आणि अमिहानच्या कुशीतून पोर घेतलं. साखळी कोणी तोडली असं झालं नाही. एकेकाने शेजाऱ्याचा हात सोडला आणि आपापली गाठोडी शोधायला लागला.

ट्रक आले. लोला बास्योनला पुढे बसवलं. ब्रदर कांदिडो दुसऱ्या खेपेपर्यंत थांबला नाही बरं का; पहिल्याच ट्रकमध्ये खोक्यासकट दिसला. पूल ओलांडताना मी डोळे मिटून अमिहानचा दंड धरला होता. पलीकडे उतरल्यावर तिच्या दंडावर माझी बोटं उमटलेली दिसली.

संध्याकाळी पाऊस आला आणि भिंतीवरून लोंढा गेला. प्रार्थनाघर गेलं, पायरी गेली, निन्यो गेला. ब्रदरची रेघ जिथे होती तिथे आता दगड आहेत. शाळेच्या खिडक्यांपर्यंत गाळ भरला. सहावीच्या वर्गात कोणी गुडघे टेकून बसलं असतं, तर ते आजही तिथेच असतं. त्यात माझा नातूही असता.

आम्ही गावच्या व्यायामशाळेत उतरलो तर तीच लाल वाहिनीची पोरगी आली. तिने रोदेलपुढे माइक धरला आणि विचारलं, निन्योनेच तुम्हाला वाचवलं, असं वाटतं ना?

रोदेल म्हणाला, "बाई, भिंत भरली होती. ती दाखवा. खालच्या गावांत अजून माणसं आहेत, त्यांनाही दाखवा."

मी त्या रात्री दोन्ही वाहिन्या पाहिल्या. लालने पोराला छातीशी धरलेला रोदेल दाखवला, मागे पियानो, शब्द नाहीत. निळीने आम्ही जिवंत सापडल्याचं आश्चर्य आपल्याच नावावर मांडलं. भिंतीचं वाक्य कोणीच लावलं नाही. म्हणून ते मी इथे लिहिते आहे. निन्योपुढे मेणबत्ती लावायची तर खुशाल लावा, मीही लावते. पण कोणी तुम्हाला जागेवरून हलू नका म्हणालं, तर आधी विचारा: वर किती जागा उरली आहे?