आवाज आधी येतो

श्रीधर देवगावकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि शहरातलं गारखेड्याचं भाड्याचं घर सोडून शहराच्या कडेला वाढलेल्या सातारा परिसरातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. ते २०१६चं साल. नळाला पाणी नव्हतंच. टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली धावायची. सामान लावताना विशूचा काँप्युटर निघाला. विशू म्हणजे विश्वजित, त्यांचा एकुलता एक मुलगा. अपघातात गेला, त्याला बारा वर्षं झाली होती.

"लावून तर बघा," त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

काँप्युटर कुरकुरत चालू झाला. डिस्कचा अर्धा भाग गेला होता. उरलेल्यात एक व्हिडिओ सापडला. पुतण्या मंदारनं तो आपल्या लॅपटॉपवर लावला, तर नुसत्या हिरव्या रेघा.

"काका, विशूदादा लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरायचा," मंदार म्हणाला. "त्यानं ज्या पद्धतीनं हे साठवलंय, ती तेव्हा अर्धवट होती, सारखी बदलायची. त्याच काळातलं प्लेअर पाहिजे. त्याचा कोड नेटवर अजून आहे, पण तो याच मशीनवर कंपाईल करावा लागेल. म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा. वेळ लागेल बरं का."

वेळच तर होता. मंदार शिकवून पुण्याला परत गेला आणि श्रीधररावांच्या दुपारी त्या काळ्या पडद्यासमोर जाऊ लागल्या. ओळी धावत, मध्येच एरर येई, ते चष्मा पुसून पुन्हा वाचत. एकदा लाइट गेली आणि मशीनचं घड्याळ थेट १९७० सालावर गेलं. आतली बॅटरी मेलेली होती. मग मशीन हटून बसलं, म्हणे या फायली पुढच्या काळातल्या आहेत. त्याच्या लेखी विशू अजून जन्मलाच नव्हता. श्रीधररावांनी मुकाट्यानं तारीख भरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी एका दुपारी प्लेअर उघडला. पडदा काळाच राहिला. आणि त्या काळोखातून आवाज आला.

"आलो, आई."

प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. चित्र उमटायला आणखी काही क्षण गेले. कुठल्याशा सहलीतला एक उजाड मळा, लांबवर विहीर, विहिरीपाशी उभ्या बारा-तेरा वर्षांनी तरुण प्रमोदिनीबाई. मशीनला चित्राचं ओझं झेपत नव्हतं. आवाज पुढं निघून जायचा, चित्र मागून खुरडत यायचं. कॅमेरा आणि माइक विशूच्याच हातात असल्यामुळं त्याचंच बोलणं तेवढं स्पष्ट होतं; लांबच्यांचं सगळं वाऱ्यात गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनीबाई रोज दुपारी तिथं बसू लागल्या. काळ्या पडद्याकडं बघून हाक मारायच्या, "विशू."

"आलो, आई."

"ऐकतोस ना रे?"

"हो, ऐकतोय."

कुठं किती थांबायचं ते त्यांना पाठ झालं होतं. शेजारच्या सत्यभामाबाईंनी जिन्यात विचारलं, "वहिनी, पोरगं आलंय व्हय तुमचं? रोज बोलताय." प्रमोदिनीबाई नुसत्या हसल्या. ते हसणं श्रीधररावांनी दारातून पाहिलं.

त्यांनी मंदारला फोन केला, त्या मशीनच्या प्रोसेसरला मानवतील ती सेटिंग्ज विचारून घेतली आणि सगळं नव्यानं कंपाईल केलं. आता आवाज आणि चित्र बरोबर चालू लागलं. पडद्यावर विहिरीपाशी उभ्या असलेल्या बाईनं हात तोंडाशी नेऊन हाक मारली. मग विशू म्हणाला, "आलो, आई."

प्रमोदिनीबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या.

"तो माझ्याशी बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "हिच्याशी बोलतोय."

"पहिल्यासारखं करून देऊ का?"

"नको. आता कळलंय मला."

पुढं बरेच दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. मग सत्यभामाबाईच विचारायला आल्या, "गेलं व्हय पोरगं परत? आवाज येत नाय."

प्रमोदिनीबाईंनी त्यांना हात धरून आत नेलं आणि श्रीधररावांना व्हिडिओ लावायला सांगितलं. सत्यभामाबाई एकदम पुढं वाकल्या. "अगं बाई! ह्यो तर आमचा मळा. ही बिल्डिंग व्हायच्या आधीचा." मग पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं एक माणूस दोर ओढत होता. "आमचे हे."

त्यांचे मालक, कडूबा. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाला आणि राहायला आल्यावर वर्षाच्या आत ते गेले.

"यांचा आवाज नाय व्हय यात?"

श्रीधररावांनी आवाज पूर्ण वाढवला. नुसता वारा, आणि खूप लांब कप्पीची करकर.

सत्यभामाबाईंनी पदर सावरला. "अवो," त्या हळूच म्हणाल्या.

पडद्यावरचा दोर थांबला. कडूबानं मान वर केली आणि सरळ इकडं पाहिलं.

प्रमोदिनीबाईंनी तेव्हा विशूला हाक मारली होती, ती ऐकून कडूबानं वर पाहिलं असेल. श्रीधररावांना ते कळत होतं. पण इतक्या वेळा बघूनही त्या कोपऱ्याकडं त्यांचं लक्ष कधी गेलं नव्हतं, आणि मागं घेऊन पुन्हा बघायचा धीर त्यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. प्रमोदिनीबाईंनी स्वतः व्हिडिओ लावला आणि त्यांच्याशेजारी बसल्या. श्रीधरराव उठून गॅलरीत गेले. आत एका बाईनं हळूच 'अवो' म्हणून हाक मारली, आणि दुसरी तिच्याबरोबर पडद्याकडं बघत बसून राहिली.