शेगडीवरची फळी

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याचं घर. सकाळी शेगडीवर कोळसे फुलायचे, ते इस्त्रीच्या पोटात जायचे आणि दिवसभर चादरींच्या घड्या पडत राहायच्या. खळ करायचं काम त्याच्या आईचं. तिच्या खळीचा शर्ट माणसाशिवायही उभा राहील, असं गिऱ्हाइकं म्हणत. गल्लीने तिचं नावच कडककाकू ठेवलं होतं, आणि ते काही नुसत्या खळीवरून नव्हतं.

इस्त्रीवाला मात्र मऊ स्वभावाचा आणि कामात पक्का. रेशमाला किती आच आणि सुताला किती, हे तो इस्त्री गालाजवळ धरून सांगे. पायजम्याची कंबर आली की त्याची इस्त्री बाजूने वळायची. त्या दिवशीही एका नव्या गिऱ्हाइकाने कारण विचारलं.

"इलॅस्टिकला आच लागली की ते मरतं, साहेब. वरून काही दिसत नाही, ताणलं की कळतं."

तो हे सांगत होता, तेव्हा आतल्या खोलीत त्याची बायको भिंतीला धरून उभी होती. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून बजावलं होतं, "आता दिवस राहिले तर हिच्या जिवावर बेतेल. अंगात रक्त भरलं की ऑपरेशन करू, तोवर कंडोम वापरा." पाकिटंही त्यांनीच दिली होती.

सुनेने ती कपाटात, आपल्या कपड्यांखाली ठेवली. जागा थंड, कोरडी. ती तिथेच राहिली असती तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण थोरली लेक माहेरी आली असताना कडककाकूने चादर काढायला कपाटात हात घातला आणि चादरीबरोबर पाकीट बाहेर आलं.

"हे काय गं? लेकराबाळांच्या घरात हे असलं?" तिने लेकीसमोरच सुनेला विचारलं.

"आई, डॉक्टरीणबाईंनीच…"

"डॉक्टरीणबाईंना काय जातंय सांगायला. आम्ही नाही संसार केले? चांगल्या घरातल्या बायका असलं हातात धरत नाहीत."

लेक तोंडावर हात ठेवून हसली. सुनेची मान खाली गेली. पाकिटं केराच्या टोपलीत गेली.

इस्त्रीवाल्याने गुपचूप दुसरी आणली. पण ठेवणार कुठे? दोन खोल्यांत आईचा हात पोचत नाही अशी जागा नव्हती. दुकानात शेगडीच्या वर एक उंच फळी होती आणि फळीवर गिऱ्हाइकांच्या तुटलेल्या बटणांचा पत्र्याचा डबा. त्याने पाकिटं त्या डब्यात लपवली. तिथे आईचा हात पोचत नव्हता. आच मात्र दिवसभर पोचत होती.

एक फाटला. काही दिवसांनी आणखी एक. माल हलका असेल, असं दोघांना वाटलं. मग त्यांनी एकावर एक दोन घालून पाहिले. थंडीत माणूस दोन शर्ट घालतो, तसाच हा हिशेब. तेही फाटले. विचारायचं तर कुणाला? औषधाचा दुकानदार आईच्या ओळखीचा, आणि दवाखान्यात निघावं तर आई दारातच विचारणार, "काय झालंय?" ज्या घरात विचारायला लाज वाटते, तिथे चूक सुखाने नांदते. सुनेला दिवस राहिले आणि भीतीने तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नाही.

त्या दिवशी ते नवं गिऱ्हाईक कपडे घेऊन वळलं, तोच आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सून मोरीपाशी पडली होती आणि फरशी रक्ताने भरली होती.

दवाखान्यात सिस्टर बाहेर आली तेव्हा इस्त्रीवाला आणि कडककाकू बाकावर बसले होते. गर्भ गेला होता. रक्त चढवत होते. "आत्ताच काही सांगता येत नाही," सिस्टर म्हणाली. "कंडोम वापरत नव्हता का?"

तो शब्द ऐकताच कडककाकू उठू लागली.

"बसा काकू. तुमच्याच सुनेचं चाललंय."

"वापरत होतो," इस्त्रीवाला म्हणाला. "फाटायचे."

"ठेवत कुठे होता?"

"दुकानात. शेगडीवरच्या फळी…" आणि तो थांबला. सिस्टरला पुढे सांगावंच लागलं नाही. "इलॅस्टिक," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"आचेने रबर जातं. खिशातल्या पाकिटातही ठेवायचा नाही. दोन घातले की एकमेकांवर घासून आणखी लवकर फाटतात. तेल लावायचं नाही, दातांनी फोडायचा नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग शेवटपर्यंत उलगडायचा. आणि फाटलाच तर लगेच यायचं, त्यावर गोळी असते. का नाही आलात?"

"लाज वाटली."

"आणि शेगडीवर कशाला ठेवलात? घरात कपाट नाही?"

कडककाकूला वाटलं, आता हा सांगणार.

"जागा नव्हती," तो म्हणाला.

तो आईसाठी खोटं बोलला, आणि ती ते ऐकून गप्प बसली. चार लोकांत त्याने तिला शिव्या घातल्या असत्या तरी तिला इतकं लागलं नसतं. जागा होती. तिनेच ती ठेवू दिली नव्हती.

सून वाचली. घरी आली ती चादरीपेक्षा पांढरी होऊन. ऑपरेशन आणखी लांबलं. कडककाकू तिला वेळेवर पेज द्यायची, पाय चेपायची, पण तिच्या डोळ्यांकडे बघायची नाही. एके सकाळी ती स्वतः औषधाच्या दुकानात गेली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कंडोम द्या. तारीख बघून द्या." ओळखीच्या दुकानदाराचा हात क्षणभर थांबला. तिने मान खाली घातली नाही.

भावजयीला बघायला थोरली लेक आली. पांघरूण काढायला तिने कपाट उघडलं आणि ती पुन्हा हसली. "आई, हे परत? आणि तुझ्या कप्प्यात?"

"हसू नकोस. मागच्या वेळी मी ते फेकलं, म्हणून ते शेगडीवर गेलं. ही मरणाच्या दारातून आली ती माझ्यामुळे."

खाटेवरून सून म्हणाली, "हे तेव्हा कळायला हवं होतं, आई."

"हो गं," कडककाकू म्हणाली.

मग तिने लेकीचा हात धरून तिला खाली बसवलं. "तुझी पोर मोठी झालीय. उद्या तिचं लग्न होईल. तिला सांगायचंय ते आधी तू ऐक. गरम जागी ठेवायचा नाही. दातांनी फोडायचा नाही. टोक चिमटीत धरायचं आणि…"

ती अडखळली. सिस्टरचं पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

"हवा काढायची," खाटेवरून आवाज आला. सून कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत होती; नवऱ्याने तिला सिस्टरचं सगळं सांगितलं होतं. "आणि दोन कधी घालायचे नाहीत. हेही सांगा, आई."

कडककाकूने तेही सांगितलं.