चालू लाईन

पंढरीने लाल कवटीची पाटी मनोऱ्याच्या लोखंडी पायाला लावली, पक्कडीने तार आवळली आणि मागे सरून ती सरळ बसली का ते पाहिलं. मग खाजणाच्या बांधावरून तो गावाकडे निघाला. आज सकाळपासून लाईनमध्ये वीज सोडली होती आणि ते त्याला घरोघर सांगायचं होतं.

अडचण एवढीच होती, की हे तो गावाला तिसऱ्यांदा सांगणार होता.

घाटातल्या धरणावरून कल्याणला येणारी जुनी लाईन आता पुरेनाशी झाली होती. शहाडच्या अंगाला कारखाने उभे राहत होते, निर्वासितांच्या छावणीला दिवे हवे होते. म्हणून ही दुसरी लाईन, जाड तारांची, डोंगर उतरून ठाकुर्लीजवळच्या खाडीकाठापर्यंत आणली होती. पंढरीचा जन्म इथल्या मिठागरांत गेलेला. ठेकेदाराने त्याला मनोऱ्यांच्या राखणीवर ठेवलं, कारण वीज नसलेल्या तारा रातोरात कापल्या जात. तांबं विकत घेणारे कल्याणात पुष्कळ होते. चोरांना धाक बसावा म्हणून ओव्हरसियर साहेबांनी आधी दोनदा खोटंच सांगायला लावलं होतं. दोन्ही वेळा तार कापली गेली आणि कापणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

कापणारा कोण हे पंढरीला ठाऊक होतं. त्याचाच धाकटा भाऊ, भिवा.

एकदा पहाटे त्याने भिवाच्या खांद्यावर तारेचं वेटोळं पाहिलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. भिवाच्या मिठागराचा बांध फुटून दोन हंगाम वाया गेले होते, थोरल्या मुलीचं, वासंतीचं लग्न शहाडजवळच्या गावात ठरलेलं. भिवाची बायको शेवंती मात्र भोळेपणाने सगळ्यांना सांगायची, हे कल्याणच्या वखारीत रात्रपाळीला जातात म्हणून.

गावातली सगळी घरं संपवून पंढरी शेवटी भिवाकडे आला. शेवंती पदर पुढे ओढून आत गेली. थोरल्या दिरासमोर ती कधी उभी राहत नसे. पंढरीने आवाज उतरवून भावाला सांगितलं, की या खेपेला खरं आहे, आपल्यादेखत साहेबांनी हुकूम सोडला, तू तिकडे फिरकू नकोस.

भिवा फाटलेलं जाळं सांधत बसला होता. त्याने हात न थांबवता हनुवटीने खाडीकडे खूण केली. तारेवर पाखरांची लांबच लांब ओळ बसली होती.

"वीज हाये, तं ती पाखरां कशी बसलीत?"

पंढरीनेही सकाळी साहेबांना हेच विचारलं होतं. साहेबांनी नीट समजावलं होतं, जमिनीशी संबंध आला तरच वीज अंगातून जाते, असं काहीतरी. ऐकताना ते पटलं होतं. आता सांगायला गेल्यावर एक शब्द जुळेना.

"ते मना सांगता येत नाय," तो म्हणाला. "पन तू जाव नको."

"वासंतीच्या लग्नापुरती एकच खेप, दादा. मंग सोडलं."

पंढरीने त्याचा दंड घट्ट धरला. तेव्हा भिवा हसला, बरं, नाही जात म्हणाला, आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. पंढरीने ते खरं मानलं. मानायचंच होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी फटफटताना तो राखणीवर गेला, तर भिवा मनोऱ्याच्या पायथ्याशी चिखलात पडलेला होता. तळहात काळे पडले होते. शेजारी करवत होती. पंढरीने आधी ती उचलली आणि खाडीत जितकी लांब फेकता येईल तितकी लांब फेकली. मग त्याने डोक्याचं फडकं सोडून भावाच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि माणसं बोलवायला गेला.

साहेब आले, पोलिसांचा जमादार आला, सगळं गाव गोळा झालं. हा माणूस वर कशाला चढला होता, जमादाराने विचारलं. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. चोराच्या मुलीचं लग्न संध्याकाळपर्यंत मोडलं असतं.

"मीच पाठवलेला," पंढरी म्हणाला. "तारेत काय अडकल्यासारखं दिसलं. बघून ये, बोललो."

साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "लाईन चालू आहे हे काल तूच गावाला सांगितलंस ना?"

"विसरलो, साहेब."

साहेबांनी तिथल्या तिथे त्याचा बिल्ला काढून घेतला. जमादाराने त्याला चौकीवर नेलं. काही दिवस कोठडीत ठेवून मग सोडून दिलं.

सुटल्यावर तो आधी भिवाच्या घरी गेला. शेवंती दारात आली. पदर खांद्यावरच होता, तो तिने पुढे ओढला नाही.

"तुमीच पाठवलंत त्यांना?"

तिच्या पाठीमागे, आतल्या अंधारात, वासंती सूप हातात धरून उभी होती.

"हो."

"ठावं असून?"

पंढरीने मान खाली घातली. "हो."

शेवंतीने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं होतं, ते ठरल्या घरीच झालं. गावात वीज आलेली नव्हती, ती डोक्यावरून परस्पर शहाडला जात होती. मांडवात भाड्याच्या गॅसबत्त्या टांगल्या होत्या. बापाच्या जागी थोरल्या चुलत्याने बसायचं, पण शेवंतीने माहेराहून आपल्या भावाला बोलावून घेतलं. पंढरी मांडवाच्या टोकाला, वहाणांच्या ढिगापाशी उभा राहिला. वरपक्षाकडचा एक म्हातारा जरा बाजूला सरला, त्याला जागा करून दिली आणि आपुलकीने विचारलं, मुलीचे कोण तुम्ही?

"गावातला," पंढरी म्हणाला.

मंगलाष्टका सुरू झाल्या, तशी त्याने मुठीतल्या अक्षता म्हाताऱ्याच्या ओंजळीत सोडल्या.

"माझ्यापन तुमीच टाका."